रॅम मागवण्याआधी मदरबोर्डचं पूर्ण नाव बघा

रत्नागिरी-कणकवलीकडे कमी बजेटचा गेमिंग पीसी जोडायचा तर पार्ट बहुतेक कुरिअरनेच येतात. रॅम चुकीची निघाली की परत पाठवण्यात दिवस जातात. म्हणून ऑर्डरआधी एवढं कराच:

१. एएमडीचं एएम४ सॉकेट (बोर्डवरची प्रोसेसर बसायची जागा) असेल तर डीडीआर४ रॅम, एएम५ असेल तर त्यापुढच्या पिढीची डीडीआर५. खरी गफलत इंटेलच्या १२ ते १४ व्या पिढीच्या प्रोसेसरमध्ये होते. त्यांच्यासाठीचे बी६६० आणि बी७६० चिपसेटचे बोर्ड दोन्ही प्रकारांत मिळतात, म्हणून नावाच्या शेवटी ‘डी४’ किंवा ‘डीडीआर४’ आहे का ते नीट वाचा. डीडीआर४ आणि डीडीआर५ रॅमची खाच वेगळ्या जागी असते, जोर लावून काही बसत नाही.

२. बोर्ड कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलच्या सपोर्ट पानावर मेमरीची यादी असते. तिथला पार्ट नंबर अक्षरन् अक्षर जुळवा.

३. १६ जीबीच्या एका स्टिकपेक्षा (रॅमच्या पट्टीपेक्षा) एकाच पाकिटातली ८-८ ची जोडी घ्या. गेममध्ये फरक जाणवतो. चार स्लॉट असतील तर सहसा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्यात लावा.

४. बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या बोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, चालू करा, नाहीतर ३२०० वेगाची रॅम बऱ्याचदा कमी वेगानेच चालत राहील.

आणि पाकीट फोडण्याआधी स्टिकरवरचा नंबर ऑर्डरशी ताडून बघा. फोडलेला माल परत घ्यायला विक्रेते कुरकुरतात.