फॉर्मल स्पेसिफिकेशन शिकताय? आधी डिफेक्ट लॉग उघडा

टीममध्ये प्रोसेस इम्प्रूव्हमेंटचं काम माझ्या गळ्यात पडलं तेव्हा फॉर्मल मेथड्स, म्हणजे सिस्टीमने कसं वागायचं हे गणिती भाषेत लिहून तपासणं, हा पीएचडीवाल्यांचा प्रांत असंच वाटायचं. तरी हौसेने एका मॉड्यूलचा अख्खा स्पेक (स्पेसिफिकेशन) झेड नोटेशन या गणिती चिन्हांच्या भाषेत लिहिला, दोन महिने घातले, पुढच्या रिलीजला रिक्वायरमेंट बदलली, कोड बदलला आणि स्पेक तसाच धूळ खात पडला. यात झेडचा काही दोष नाही, आमच्या प्रोसेसमध्ये त्या स्पेकला जागाच नव्हती!

मग उलटीकडून सुरुवात केली. डिफेक्ट लॉगमध्ये 'सापडला कुठे' हा कॉलम होताच, त्याच्या शेजारी 'शिरला कुठे' असा अजून एक घातला. लोकांनी कुरकुर केली, पण दोन-तीन रिलीजनंतर दिसलं की खरे छळणारे बग कोडिंगचे नाहीतच, दोन गोष्टी एकाच वेळी झाल्या तर काय हे डिझाइनमध्ये कोणी ठरवलंच नव्हतं. म्हणजे बघा, ऑर्डर कॅन्सल झाली, रिफंडची रिक्वेस्ट गेली, उत्तराला उशीर म्हणून रिट्राय झाला आणि पैसे दोनदा परत. फक्त तेवढ्याच भागाचं टीएलए प्लस या स्पेसिफिकेशनच्या भाषेत मॉडेल लिहिलं, शंभरेक ओळी असतील, 'एका ऑर्डरला एकच रिफंड' हा इन्व्हेरियंट (कधीच मोडता कामा नये असा नियम) टाकला आणि मॉडेलमधले सगळे शक्य क्रम तपासणाऱ्या टीएलसी मॉडेल चेकरने चूक पायरी-पायरीने समोर मांडली. ॲमेझॉनला त्यांच्या डायनॅमोडीबी डेटाबेसमध्ये याच टूलने सापडलेल्या एका बगचा सगळ्यात छोटा ट्रेस (चुकीपर्यंत नेणारा घटनाक्रम) सुद्धा 35 स्टेप्सचा होता, रिव्ह्यूत बसून एवढं कोण डोक्यात धरणार?

आता आमच्याकडे रिट्राय किंवा लॉकिंग असलेलं डिझाइन मॉडेलशिवाय रिव्ह्यूला येतच नाही, आणि डिझाइन बदललं की मॉडेलही त्याच कमिटमध्ये बदलायचं. सीएमएमआय या प्रोसेस सुधारण्याच्या चौकटीत पीअर रिव्ह्यू (सहकाऱ्यांनी केलेली तपासणी) असतातच, त्यामुळे वेगळं काही उभं करावं लागलं नाही. साध्या स्क्रीन्स, रिपोर्ट वगैरेंना मात्र हे लावू नका, टीम वैतागेल.

शिकायला सेट आणि प्रेडिकेट लॉजिक पुरतं, डेटाची रचना तपासायची असेल तर अलॉय हे दुसरं मॉडेलिंग टूल बघा.

आणि हो, टीएलसी पास म्हणजे कोड बरोबर असं नाही. तो तुम्ही दिलेल्या मर्यादेतच तपासतो, 3 ऑर्डर नि 2 सर्व्हर दिले तर तेवढंच. आमचं मॉडेल पास होतं आणि कोडमध्ये टाइमआउट भलतीकडेच हाताळला होता, तेव्हापासून तोच इन्व्हेरियंट टेस्टमध्येही असर्शन (मोडलं तर टेस्ट फेल) म्हणून टाकतो.