चोडणला निघण्याआधी पंचांग बघा

गोव्यात मांडवी नदीतल्या चोडण बेटावरच्या डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्यात जायचं ठरलं, की पिशवी भरण्याआधी तिथी बघा. पक्षी कुठे बसणार हे इथे मांडवीचं पाणी ठरवतं. मी पहिल्यांदा गेले ती भर भरतीत. तिवरांच्या बुंध्यांपर्यंत पाणी, चिखल सगळा बुडालेला. दोन तासांत एक खंड्या आणि काही बगळे, एवढंच दिसलं. किनाऱ्यावरचा जुना हिशेब मला तेव्हा ठाऊक नव्हता: तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. तृतीयेला सव्वादोन, म्हणजे त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी, सकाळी साडेआठच्या सुमारास ओहोटी. द्वितीया ते चतुर्थी, पक्ष कुठलाही चालेल, सकाळ हाताशी येते. छापील वेळापत्रकाशी एकदा ताडून घ्या. महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी; तेव्हा थंडीचे पाहुणे आलेले असतात.

पणजीहून रायबंदरचा धक्का जवळच. तिथून फेरीबोटीने पलीकडे उतरलं की अभयारण्य चालत काही मिनिटांवर. अभयारण्याच्या तिकिटासाठी सुटे पैसे ठेवा. होडीने खारफुटीत शिरायचं असेल तर आदल्या दिवशी विचारून ठेवा, कारण होडीला भरती लागते आणि चालणाऱ्याला ओहोटी.

कपडे मातकट, पूर्ण बाह्यांचे. डासांचं मलम विसरू नका. बुटांचा तळवा घट्ट पकडणारा हवा, शेवाळलेल्या वाटेवर पाय सटकतो. पाणी घरूनच न्या. दुर्बीण ८×४२ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुरते. त्याहून मोठी हातात हलत राहते.

पण दुर्बिणीला डोळा लावण्याआधी पायाशी बघा. उघड्या चिखलावर निवटे नावाचे छोटे मासे परांवर रेटत चालतात, आणि एकच डेंगा भलामोठा असलेले नर खेकडे तो वरखाली हलवत माद्यांना बोलावतात. हे बघायला दहा मिनिटं अगदी स्तब्ध उभं राहावं लागतं. पाऊल वाजलं की सगळे बिळात. नशीब असेल तर पाणमांजर दिसेल. मगरही आहे, म्हणून काठावर बसून पाय पाण्यात सोडू नका.

सोबत मुलं असतील तर त्यांना फेरीबोटीतच सांगून ठेवा: वाट सोडायची नाही. चिखलातून वर आलेल्या त्या पेन्सिलीएवढ्या काड्या तिवराची श्वासमुळं आहेत. अवघं १.७८ चौरस किलोमीटरचं हे रान, १९८८ पासून राखलेलं. एवढ्याशा जागेत प्रत्येक पाऊल कुठल्या तरी मुळावर नाहीतर बिळावर पडतं.