कोकणातल्या सुट्टीत धावणं कसं सांभाळावं

धावायला लागून महिना-दीड महिनाच झाला असेल, तर चार-पाच दिवसांच्या सहलीने दम काही कमी होत नाही. आठवडाभराच्या खंडाने शरीराचं फारसं बिघडत नाही. मोडते ती सकाळी उठून बूट चढवायची सवय. म्हणून सुट्टीत किलोमीटर मोजू नका. ५ दिवसांत दोनदा, २०-२० मिनिटं, एवढं पुरे. प्रवासाचा दिवस सोडा, दुसऱ्या आणि चौथ्या सकाळी धावा. बूट, मोजे, कपडे रात्रीच दाराशी काढून ठेवा, म्हणजे बाकीच्यांची झोपमोड होत नाही.

गुहागर, दिवेआगर अशा किनाऱ्यावर मुक्काम असेल तर गजर लावण्याआधी तिथी बघा. कोळी मंडळींचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती. द्वितीयेला दीडला भरती, म्हणजे त्याआधी सहा तास, सकाळी साडेसातच्या सुमारास ओहोटी. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. त्यामुळे पौर्णिमा-अमावास्येनंतरचे तीन-चार दिवस सकाळी धावायला उत्तम. अष्टमी ते एकादशी मात्र सकाळी सहा ते सव्वाआठच्या दरम्यान भरती असते आणि पायाखाली फक्त कोरडी, भुसभुशीत वाळू उरते. त्या दिवसांत गावातला रस्ता धरा. या हिशेबात अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, तेव्हा आदल्या संध्याकाळी घरमालकांना विचारून घ्या.

भुसभुशीत वाळू टाळायचं कारण पोटऱ्या. टाच खोल रुतते, पोटरी आणि टाचेमागची शीर जास्त ताणली जाते. त्या वेळी काही जाणवत नाही, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कळतं. नव्या धावपटूला सुट्टीत ही दुखापत उत्साहाच्या भरात सहज होते. पाणी नुकतंच ओसरलेल्या ओल्या, घट्ट पट्ट्यावरच धावा. तोही समुद्राकडे उतरता असतो, एक पाय सतत खाली पडतो. म्हणून १० मिनिटं जाऊन त्याच वाटेने परत या, दोन्ही पायांवर भार सारखा येईल. अनवाणी धावायची हौस असेल तर शेवटची ५ मिनिटं, आणि शिंपले, काचा, जाळ्यांचे तुकडे बघून.

वेग विसरा. दमट हवेत घाम वाळत नाही, अंग तापतं आणि घरच्याच वेगाला धाप जास्त लागते. २ मिनिटं धावा, १ मिनिट चाला. सलग एक वाक्य बोलता आलं पाहिजे. परतल्यावर शहाळं किंवा मीठ घातलेलं कोकम सरबत घ्या, मग घावने.

रस्त्यावर धावताना उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असं. बोळांना दोन्हीकडे चिऱ्याचे गडगे असतात, वळणावर बाजूला व्हायला जागा नसते. तिथे चालत जा. कुत्री भुंकली तर धावणं थांबवून चाला.

बूट खाऱ्या पाण्याने भिजले तर गोड्या पाण्याने धुवा, आतले तळ काढा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि सावलीत वाळवा. कडक उन्हात डिंक सुटतो. बोळे दोन-तीन तासांनी बदलले तर दिवसभरात बरेच कोरडे होतात.