प्रवाळातली पिल्लं आणि गणित: या विषयात येणाऱ्यांसाठी

गणितात एम.एस्सी. करून मी प्रवाळातल्या माशांकडे वळले. आधी कोणतं समीकरण शिकावं, असं नवे विद्यार्थी विचारतात. मी म्हणते, आधी एक भागाकार समजून घ्या.

प्रवाळातल्या बहुतेक माशांची पिल्लं अंड्यातून निघाली की उघड्या समुद्रात जातात. क्लाउनफिश दहा-बारा दिवस, इतर कित्येक जाती महिनाभरही. मग एखाद्या प्रवाळावर उतरतात. ते प्रवाळ जन्माचंच असतं का? ऑस्ट्रेलियातल्या लिझार्ड बेटावर एका जातीच्या एक कोटीहून अधिक गर्भांना टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाने खूण केली. ती कानातल्या इवल्या खड्यात उमटते. पुढे पकडलेल्या सुमारे ५००० पिल्लांत खूण सापडली १५ जणांत, म्हणजे ०.३ टक्के. नगण्य वाटतं. पण मुळात खूणच तिथल्या अंदाजे ०.५ ते २ टक्के गर्भांना झाली होती. भागून पाहा: १५ ते ६० टक्के पिल्लं घरचीच! १९९९ साली हे प्रसिद्ध झालं. उत्तर इतकं सैल आहे त्याचं मोठं कारण छेदात आहे. आपल्या मॉडेलमधली अनिश्चितता नेमकी कुठून येते, हे शोधायची सवय इथूनच लावून घ्या.

मग कागद-पेन घ्या. स्थिर पाणी, मधोमध गोल प्रवाळ, दिशाहीन भटकणारं पिल्लू आणि ठरावीक मृत्युदर. ते प्रवाळाला पोहोचण्याची शक्यता हाताने काढता येते. उत्तरात बेसेल फंक्शन येतं, म्हणजे गोल आकाराच्या गणितांत नेहमी भेटणारं एक फलन. हे न करता थेट सागरी प्रवाहांच्या सिम्युलेशनवर उडी मारू नका. पायथॉनमधलं पार्सल्स, म्हणजे प्रवाहात वाहणाऱ्या कणांचा माग काढणारं सॉफ्टवेअर, मोफत आहे, सुंदर नकाशे देतं, पण नकाशा चुकला तर तो का चुकला हे ते सांगत नाही.

खरी मजा पुढे आहे. पिल्लं नुसती वाहत नाहीत. उतरायच्या वयाला आलेली पिल्लं जोरकस पोहतात, आणि लिझार्ड बेटावरच प्रवाळाच्या तुकड्यांचे ढिगारे रचून त्यांतल्या काहींवर लाउडस्पीकरवरून प्रवाळाचे आवाज ऐकवले तेव्हा त्या ढिगाऱ्यांवर जास्त पिल्लं उतरली. समीकरणात हे म्हणजे प्रवाळाच्या दिशेने एक जास्तीचं पद. ते किती अंतरापासून लागू करायचं, यावर निकाल प्रचंड हलतो. हे अंतर नुसतं कागदावर ठरत नाही, म्हणून मार्गदर्शक निवडताना त्यांच्या गटात पाण्यात उतरणारं कुणी आहे का, हे जरूर विचारा.