नाक मोकळं करण्याच्या घाईत या चुका टाळा

"तो नेहमीचा स्प्रे द्या, त्याच्याशिवाय झोपच लागत नाही." औषधाच्या काउंटरमागे उभं राहून हे वाक्य ऐकलं की मला काळजी वाटते. ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिनचा स्प्रे 'नेहमीचा' होणं, हीच सगळ्यात महागात पडणारी चूक आहे.

ही औषधं नाकातल्या रक्तवाहिन्या आकसवतात, म्हणून काही मिनिटांत नाक सुटतं. पण सलग वापरत राहिलं, की असर ओसरताच सूज परत येते. मग पुन्हा स्प्रे, पुन्हा सूज. मूळची सर्दी कधीच गेलेली असते, आता नाक औषधामुळेच चोंदत असतं.

एका तरुण शिक्षकाची एक बाटली खिशात असायची, एक उशाशी आणि एक गाडीत. "ॲलर्जी वाढलीय, याहून जोरदार काही आहे का?" असं विचारत तो आला. मी त्याला नवी बाटली न देता नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी स्टिरॉइडचा स्प्रे सुरू केला आणि जुना आधी एका नाकपुडीत बंद करवला, ती सुटल्यावर दुसरीत. सुरुवातीच्या रात्री त्याने अक्षरशः बसून काढल्या. पण नाक सुटलं, आणि तेही कायमचं.

तेव्हापासून असा स्प्रे देताना मी सुरू केल्याची तारीख बाटलीवर लिहायला लावते. तीन दिवस, बस. चौथ्या दिवशीही नाक बंद असेल तर डॉक्टरांकडे जा. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल, तर पहिला फवारा मारण्याआधीच त्यांना विचारा.

स्टिरॉइडच्या स्प्रेच्या बाबतीत नेमकी उलटी चूक होते. फ्लुटिकासोन, मोमेटासोन दोन दिवस मारून "काही उपयोग नाही" म्हणत लोक बाटली कपाटात टाकतात. ॲलर्जीच्या नाकावर त्यांचा पूर्ण परिणाम दिसायला एक-दोन आठवडे लागू शकतात, आणि तोही रोज न चुकता मारला तर. एवढा धीर नसेल, तर ते विकत घेण्यात अर्थ नाही.

मारायची पद्धतही बहुतेकांची चुकते. मान मागे टाकून मारलं, की औषध घशात उतरतं. मान किंचित पुढे झुकवा. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डावीत उजव्या हाताने मारा, म्हणजे नळीचं टोक आपोआप बाहेरच्या बाजूला वळतं. ते मधल्या पडद्याकडे राहिलं, तर घोळणा फुटतो. आणि जोरात हुंगू नका, हलका श्वास पुरतो.

नाक धुवायला थेट नळाचं पाणी कधीही नको. उकळून गार केलेलंच घ्या. नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत जातो. असं क्वचितच होतं, पण झालं तर माणूस बहुधा वाचत नाही.

मेंथॉलने थंड वाटतं, सूज उतरत नाही.

मुलांना उकळत्या भांड्यावर वाफ देऊ नका. भांडं कलंडून मुलं भाजतात.

फेनिलेफ्रिनच्या गोळ्यांवर पैसे घालवू नका. पोटातून घेतलेलं हे औषध चोंदलेल्या नाकावर चालत नाही, असं अमेरिकेच्या एफडीएच्या तज्ज्ञ समितीने 2023 साली एकमताने सांगितलं.

लहान मुलाची एकच नाकपुडी बंद असेल आणि तिथून घाण वासाचा स्राव येत असेल, तर कोणताही स्प्रे मारू नका. आत मणी किंवा तसलं काही अडकलेलं असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.