कोडु की कोऽडु? अर्थ बदलणारे उच्चार कसे ओळखायचे

बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात कन्नड रोज कानावर पडते. तरी बोलायला गेलं की मराठी माणूस अडतो, आणि बहुतेकदा अडतो तो ए आणि ओ या स्वरांपाशी. मराठीत यांच्या लांबीने अर्थ बदलत नाही, कन्नडमध्ये बदलतो. आखूड 'कोडु' म्हणजे दे, लांब 'कोऽडु' म्हणजे शिंग. 'बेळे' म्हणजे पीक, 'बेऽळे' म्हणजे डाळ. वहीत लांब स्वरापुढे असा अवग्रह (ऽ ही खूण) काढाच, नाहीतर आपल्या लिपीत दोन्ही शब्द सारखेच दिसतात. कन्नड लिपीत मात्र दोघांची चिन्हं वेगळी आहेत.

एखादा फरक खरोखर अर्थ बदलतो का, हे असं तपासा. एकाच ध्वनीचा फरक असलेली जोडी घ्या. प्रत्येक शब्दाच्या 5, अशा 10 चिठ्ठ्या करून पिसा. कन्नड घरातल्या एकाने त्या 'नानु … अंदे' (मी … म्हटलं) या वाक्यात घालून वाचायच्या. दुसऱ्याने पाठमोरं बसून अर्थ सांगायचा. 9-10 उत्तरं बरोबर आली, तर ते दोन वेगळे स्वनिम, म्हणजे अर्थ बदलणारे ध्वनी. 5च्या आसपास आली, तर तो नुसता अंदाज. मग ऐकायला स्वतः बसा. तुमचे गुण जिथे घसरतात तिथेच सराव हवा.

चिठ्ठ्या आलटून-पालटून ओळीने वाचल्या की ऐकणारा क्रमावरून ओळखतो, म्हणून पिसणं टाळू नका. 'दोन्ही वेगळे वाटतात का?' असंही विचारू नका. माणूस लिपी आठवून उत्तर देतो. शिवाय इकडच्या बोलीत 'बेऽळे'चं 'ब्याळी' होतं, 'बेऽरे'चं (वेगळं) 'ब्यारे'. अर्थ तोच राहतो, म्हणजे हा फक्त बोलीचा फरक. चाचणीला 'कोडु'ची जोडी बरी.

ल-ळ आपल्याला फुकट मिळालाय: 'हालु' दूध, 'हाळु' नासलेलं, जसं आपलं काल आणि काळ. कन्नड शेजाऱ्याला मराठी शिकवताना मात्र पळ-फळ घासून घ्या, कारण रोजच्या कन्नड बोलण्यात महाप्राण (फ, ख, भ यांतला ह-सारखा श्वास) बरेचदा गळतो. 'जग'ही दोनदा म्हणून दाखवा: दुनिया या अर्थाचा ज 'जेवण'मधला, जगण्याचा ज 'जोर'मधला. लिपी इथे काहीच मदत करत नाही.

सरावाला टेबलावर बोटाने ठेका धरा: 'को' एक ठोका, 'कोऽ' दोन. आपण लांबवायच्या ऐवजी आवाज चढवतो, तिथेच चुकतं. आवाज तेवढाच ठेवा, वेळ दुप्पट द्या.