धातू आणि अधातू यांच्यातील आयनिक बंध : पायरीपायरीने मांडणी कशी करावी

सोडिअमचा अणू आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरीनच्या अणूला देतो आणि दोघेही स्थिर होतात, एवढ्या एका वाक्यात आयनिक बंध बहुतेकांना शिकवला जातो. हे वाक्य चुकीचे नाही, पण अपुरे आहे. कारण इलेक्ट्रॉनच्या नुसत्या देवघेवीचा हिशेब केला तर तो तोट्याचा निघतो, आणि हा तोटा भरून काढून बंध टिकवणारी गोष्ट त्या वाक्यात आलेलीच नसते. म्हणून पुढील पायऱ्या क्रमाने कराव्यात आणि ऊर्जेच्या हिशेबाची पायरी मुळीच गाळू नये. सोबत कागद, पेन्सिल आणि आवर्तसारणी असली की पुरे.

पायरी १ : जोडी तपासावी

प्रथम दोन्ही मूलद्रव्यांच्या विद्युतऋणतेतील, म्हणजे बंधातील इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याच्या क्षमतेतील, फरक काढावा. ही क्षमता मोजण्याच्या रूढ पॉलिंग श्रेणीवर सोडिअमची विद्युतऋणता ०.९३ आणि क्लोरीनची ३.१६ आहे, म्हणजे फरक २.२३ येतो. हा फरक साधारण १.७ पेक्षा जास्त असल्यास बंध मुख्यत्वे आयनिक मानतात. मात्र हा आडाखा आहे, नियम नव्हे. हायड्रोजन आणि फ्लुओरीन यांच्यातील फरक १.७८ असूनही त्यांच्यातील बंध सहसंयुजच (इलेक्ट्रॉन दोघांत वाटून घेणारा) असतो, आणि ॲल्युमिनिअम धातू असूनही क्लोरीनशी त्याने केलेल्या बंधात सहसंयुज गुण ठळकपणे दिसतात.

पायरी २ : इलेक्ट्रॉन संरूपण लिहावे

संरूपण म्हणजे आतून बाहेर प्रत्येक कवचात किती इलेक्ट्रॉन आहेत याची मांडणी. सोडिअमचे संरूपण २, ८, १ आणि क्लोरीनचे २, ८, ७ असे आहे. सोडिअमने बाहेरचा एक इलेक्ट्रॉन गमावला की २, ८ हे निऑन या निष्क्रिय वायूचे स्थिर संरूपण उरते. क्लोरीनने एक मिळवला की २, ८, ८ हे आरगॉनचे, तसेच स्थिर संरूपण तयार होते. सोडिअम एकच इलेक्ट्रॉन का देतो, हे आकड्यांवरून स्पष्ट होते : पहिला इलेक्ट्रॉन काढण्यासाठी प्रतिमोल (मोल म्हणजे अणूंची एक ठरावीक मोठी संख्या) ४९६ किलोज्यूल ऊर्जा लागते, तर दुसरा काढण्यासाठी तब्बल ४५६२ किलोज्यूल, कारण तो आतल्या भरलेल्या कवचातून ओढून काढावा लागतो.

पायरी ३ : आयनांचे प्रभार मोजून लिहावेत

इलेक्ट्रॉन गमावून किंवा मिळवून प्रभारित झालेल्या अणूला आयन म्हणतात. त्याचा प्रभार पाठ करण्यापेक्षा मोजावा. सोडिअमच्या केंद्रकात ११ प्रोटॉन तसेच आहेत आणि इलेक्ट्रॉन १० उरले, म्हणून प्रभार अधिक १. क्लोरीनमध्ये १७ प्रोटॉन आणि १८ इलेक्ट्रॉन, म्हणून उणे १. ‘इलेक्ट्रॉन दिला तर अधिक कसे?’ हा नेहमीचा गोंधळ या साध्या वजाबाकीने कायमचा मिटतो. आकारही बदलतो : बाहेरचे कवचच गेल्यामुळे सोडिअमची त्रिज्या १८६ पिकोमीटरवरून सुमारे १०२ पर्यंत घटते, तर क्लोरीनची ९९ वरून सुमारे १८१ पर्यंत वाढते.

पायरी ४ : प्रमाण ठरवावे

एकूण धनप्रभार आणि एकूण ऋणप्रभार समान आला पाहिजे. मॅग्नेशिअमचा अणू दोन इलेक्ट्रॉन देतो, पण क्लोरीनचा एक अणू एकच घेऊ शकतो; म्हणून एका मॅग्नेशिअम आयनामागे दोन क्लोराइड आयन लागतात. ॲल्युमिनिअम तीन इलेक्ट्रॉन देते आणि ऑक्सिजनला दोन हवे असतात. तेव्हा दोन ॲल्युमिनिअम आयनांचे अधिक ६ आणि तीन ऑक्साइड आयनांचे उणे ६ अशी जुळणी होते.

पायरी ५ : ऊर्जेचा हिशेब करावा

साऱ्या विषयाचा गाभा या पायरीत आहे. सोडिअमच्या वायुरूप अणूंमधून इलेक्ट्रॉन काढण्यासाठी प्रतिमोल ४९६ किलोज्यूल खर्च होतात. ते इलेक्ट्रॉन क्लोरीनच्या अणूंनी स्वीकारले की ३४९ किलोज्यूल परत मिळतात. म्हणजे १४७ किलोज्यूल अजून कमीच आहेत, आणि आयन एकमेकांपासून दूर राहिले तर हा व्यवहार आपणहून घडणारच नाही. सोडिअमला इलेक्ट्रॉन ‘द्यायची इच्छा असते’ असे म्हणणे म्हणूनच मला दिशाभूल करणारे वाटते. विरुद्ध प्रभारांचे हे आयन जवळ येऊन स्फटिकात नियमित मांडणीत, म्हणजे जालकात, रचले जातात, तेव्हा सुमारे ७८७ किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते; तिला जालक ऊर्जा म्हणतात. तोटा भरून काढणारी आणि वर भरपूर शिल्लक ठेवणारी हीच ऊर्जा होय. हे टप्पे हिशेबाच्या सोयीसाठी वेगळे केलेले आहेत. प्रत्यक्ष अभिक्रियेत ते असे सुटे, एकामागून एक घडत नाहीत.

पायरी ६ : रेणू नव्हे, जालक काढावे

कागदावर एक सोडिअम आणि एक क्लोराइड आयन शेजारी काढून थांबणे ही फार मोठी चूक ठरते. आयनाचे आकर्षण एका दिशेपुरते नसते, ते सर्व बाजूंना असते. मिठाच्या स्फटिकात प्रत्येक सोडिअम आयनाभोवती सहा क्लोराइड आणि प्रत्येक क्लोराइड आयनाभोवती सहा सोडिअम आयन असतात. ही रचना क्ष-किरणांच्या साहाय्याने ब्रॅग या भौतिकशास्त्रज्ञ पितापुत्रांनी १९१३ साली उलगडली. म्हणून मिठाचे सूत्र एखाद्या सुट्या रेणूचे नसून आयनांच्या प्रमाणाचे असते.

पायरी ७ : गुणधर्मांवरून पडताळा घ्यावा

घन अवस्थेत आयन जागेवर जखडलेले असल्याने मिठातून वीज वाहत नाही. वितळल्यावर किंवा पाण्यात विरघळल्यावर ते मोकळे होतात आणि वीज वाहते. स्फटिकावर आघात केल्यास एक थर किंचित सरकतो, समान प्रभार समोरासमोर येतात, आणि त्यांच्यातील प्रतिकर्षणामुळे स्फटिक सपाट पृष्ठावर दुभंगतो.

उत्कलनबिंदू आणि विलयबिंदू यांचे कारणही जालकातच सापडते. मीठ ८०१ अंश सेल्सिअसला वितळते, तर तशीच रचना असलेल्या मॅग्नेशिअम ऑक्साइडला सुमारे २८५० अंश लागतात. ऑक्सिजनला दुसरा इलेक्ट्रॉन देताना तर ऊर्जा मिळत नाही, उलट खर्च होते. तरीही हे संयुग बनते, कारण अधिक २ आणि उणे २ या प्रभारांचा गुणाकार मिठातल्या प्रभारांच्या चौपट आहे, आयनांमधील अंतरही कमी आहे, आणि त्यामुळे जालक ऊर्जा प्रतिमोल सुमारे ३८०० किलोज्यूल इतकी मोठी आहे.